वॉटर्लूची प्रतिकृती

दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यावर मावळा कोठे उभा करावा, यावर मुलांत वाद होतो. एका अशाच प्रश्नाने विल्यम सायबोर्न या ब्रिटिश लेफ्टनंटाचे आयुष्य व्यापले. वॉटर्लूच्या लढाईची (१८ जून १८१५) प्रतिकृती घडविण्याचे काम १८३० मध्ये त्याच्याकडे आले. रणभूमीवरील शेतवाड्यात आठ महिने राहून त्याने चढउतार मोजले. सायंकाळी सातला आपली तुकडी कोठे होती, शेतांत कोणते पीक उभे होते, हे त्याने हयात अधिकाऱ्यांना पत्रांनी विचारले. १८३३ मध्ये सरकारने हात आखडता घेतला. कर्ज वाढले, काम थांबले नाही. १८३८ मध्ये ७०,००० हून अधिक चिमुकल्या धातुमूर्तींचे ते रणांगण लंडनमध्ये खुले झाले.

त्यात प्रशियन फौजेला मिळालेले ठळक स्थान असईच्या लढाईत मराठ्यांशी लढलेल्या विजेत्या वेलिंग्टनच्या गोटाला रुचले नाही. अखेर सायबोर्नने हजारो प्रशियन मूर्ती काढल्या. पत्रे मात्र राहिली. त्यांतील निवडक १८९१ मध्ये त्याच्या मुलाने प्रसिद्ध केली. लंडनच्या राष्ट्रीय सेना संग्रहालयात ही प्रतिकृती पाहताना त्या गैरहजर मूर्तींचीही आठवण ठेवावी लागते.