अप्रकाशित ध्वनिमुद्रणे आणि स्वामित्वहक्काची मुदत

बागलाण तालुक्यात मोसम नदीच्या काठी वसलेले नामपूर हे अहिराणी बोलीच्या टापूतील गाव होय. ग्रियर्सनने आपल्या भाषापाहणीत मराठीला सातवा खंड (१९०५) दिला. खानदेशीची नोंद मात्र नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिल्ली बोलींसमवेत केली. अहिराणीचे मराठीशी व गुजरातीशी नेमके नाते कोणते, ह्या प्रश्नाचा विचार करताना छापील पाठ अपुरा पडतो. स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्व आणि हेल कानांनीच पारखावयाचे असतात. म्हणून जुन्या गीतांची ध्वनिमुद्रणे अभ्यासकांच्या हाती केव्हा येतात, हा विषय भाषाशास्त्राच्याही जिव्हाळ्याचा आहे.

ह्या बाबतीत कायद्याचा इतिहास उद्बोधक आहे. १९११चा ब्रिटिश कायदा १९१४ साली काही फेरफारांसह येथे लागू झाला. त्यानुसार तबकडीवरील हक्क मूळ ठसा तयार झाल्यापासून ५० वर्षे टिके. २१ जानेवारी १९५८ रोजी अंमलात आलेल्या १९५७च्या कायद्याने वर्षे तीच ठेविली, परंतु गणनेचा आरंभ बदलला. मुदत आता प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून मोजावयाची ठरली. १९९२च्या दुरुस्तीने ५०ची ६० वर्षे झाली.

व्यापारी तबकड्यांना ह्या बदलाची झळ फारशी लागली नाही. ‘मानापमान’ (१९११) नाटकातील पदे घ्यावीत. नाटककार खाडिलकर १९४८ साली व चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली निवर्तले. त्यांच्या हक्कांची मुदत अनुक्रमे २००८ व २०१५ अखेर संपली. बालगंधर्वांनी गायिलेल्या ह्या पदांच्या १९६४पर्यंत प्रसिद्ध झालेल्या तबकड्याही आता मुक्त आहेत.

अप्रकाशित मुद्रणांची स्थिती निराळी आहे. १९९४च्या दुरुस्तीने गायकास स्वतंत्र हक्क मिळाला. १९९९ साली त्याची मुदत २५वरून ५० वर्षे झाली. ती गायनानंतरच्या वर्षारंभापासून मोजतात. समजा, १९९६ साली नामपूर परिसरात जात्यावरच्या ओव्या ध्वनिफितीवर घेतल्या. गाणारीचा हक्क २०४६ अखेर संपेल. परंतु फीत कपाटातच राहिली, तर मुद्रण करणाऱ्याच्या हक्काची मुदत सुरूच होणार नाही. जिने ओवी गायिली तिचा हक्क सांत, आणि ज्याने यंत्र चालविले त्याचा जणू अनंत!

खाजगी अभ्यासास कायदा आड येत नाही, प्रसिद्धीस येतो. हक्कधारकाचा शोध लागत नसल्यास कलम ३१-अ अन्वये परवाना मागता येतो. त्यासाठी देशभर खप असलेल्या इंग्रजी दैनिकात सूचना द्यावी लागते, आणि २०२१पासून अर्ज वाणिज्य न्यायालयाकडे करावयाचा असतो. एका फितीसाठी एवढा खटाटोप कोण करील?

हेमा राईरकर व गी प्वातवँ ह्यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांतील ध्वनिमुद्रणे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने २०१७पासून गायिकेच्या व गावाच्या नावासह प्रसिद्ध केली. विभागांनीही हाच पायंडा पाडावा. मुद्रण करतेवेळीच गाणारीची व मुद्रकाची लेखी अनुमती प्रसिद्धीच्या अटींसह फितीबरोबर जतन केली, तर पुढील अभ्यासकास न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही.