काडतुसाची लांबी कोण ठरवते? रायफलीचा घसा की मॅगझिन

सोलापूर - शेतीच्या राखणीसाठी अथवा स्वसंरक्षणासाठी ३१५ बोअरच्या रायफलीचा परवाना बाळगणारा शेतकरी दुकानातून काडतुसे घेतो, ती मॅगझिनमध्ये बसतात, बोल्ट बंद होतो, आणि काडतुसाच्या लांबीचा विचार करण्याची वेळ त्याच्यावर कधी येत नाही. हा विचार त्याच्यासाठी कारखान्याने आधीच करून ठेवलेला असतो. मात्र अमेरिकेत व युरोपातील काही देशांत वापरलेली पुंगळी पुन्हा भरून घरीच काडतूस तयार करण्याची प्रथा कायदेशीर असून, तेथील नेमबाजांना ही लांबी स्वतः ठरवावी लागते. त्यातील मिलिमीटरच्या अंशाची चूक कधी नेम बिघडवते, तर कधी रायफल फोडते.

सर्वसामान्य बोलीत अख्ख्या काडतुसालाच 'गोळी' म्हटले जाते. प्रत्यक्षात काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, पोटात दारू आणि तोंडात दाबून बसविलेली गोळी. हे काडतूस नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या चेंबरमध्ये बसते. नळीच्या आत गोळीला फिरकी देणारे आटे असतात. परंतु चेंबर संपताक्षणी ते सुरू होत नाहीत. मध्ये थोडी गुळगुळीत जागा सोडलेली असते. इंग्रजीत तिला 'थ्रोट' म्हणतात, मराठीत 'घसा' हाच शब्द चपखल. बार उडाल्यावर गोळी पुंगळीतून सुटून घशातून पुढे सरकते व आट्यांत शिरते. ही उडी जितकी लहान, तितकी गोळी नळीच्या मध्यरेषेवर राहण्याची शक्यता अधिक, असा नेमबाजांचा सर्वसाधारण समज आहे. म्हणून काडतूस भरणारा गोळी शक्य तितकी पुढे, आट्यांच्या जवळ बसवू पाहतो.

येथेच मॅगझिन आडवे येते. काडतूस लांब झाले की ते मॅगझिनच्या पुढच्या भिंतीला टेकते आणि आत उतरतच नाही. ७.६२ नाटो काडतुसाची एकूण लांबी सुमारे ७१.१ मिलिमीटर, ५.५६ नाटोची ५७.४ मिलिमीटर; मॅगझिने या मापांभोवतीच बेतलेली असतात. घसा लांब आणि मॅगझिन आखूड अशी जोडी पडली, तर आट्यांजवळ पोहोचणारे काडतूस मॅगझिनमध्ये मावत नाही आणि मॅगझिनमध्ये मावणारे आट्यांपर्यंत पोहोचत नाही. मग एकेक काडतूस हाताने चेंबरमध्ये घालावे, मोठी उडी मान्य करावी, अथवा जाणकार कारागिराकडून आखूड घशाची नवी नळी बसवून घ्यावी. गोळी वाटेल तितकी बाहेर ओढणेही शक्य नसते, कारण तिचा निदान व्यासाइतका भाग पुंगळीच्या मानेत राहिला पाहिजे, असा संकेत आहे.

यात धोका दोन्ही टोकांना आहे. गोळी आट्यांना टेकलेलीच असेल, तर तिला सुरुवातीचा वेग मिळण्यापूर्वीच अडथळा होतो आणि चेंबरमधील दाब झपाट्याने चढतो. शिवाय बार न उडवता बोल्ट मागे ओढल्यास गोळी आट्यांत अडकून राहते आणि दारू रायफलीच्या यंत्रणेत सांडते. उलट मॅगझिनच्या मापात बसविण्यासाठी जड, लांब गोळी पुंगळीत फार खोल दाबली, तर दारूसाठी जागा कमी उरते आणि त्यानेही दाब वाढू शकतो. घशातील फरक केवढा महत्त्वाचा ठरतो याचे प्रसिद्ध उदाहरण ५.५६ नाटो व २२३ रेमिंग्टन यांचे. दोन्ही काडतुसे बाहेरून जवळजवळ जुळी. पण लष्करी चेंबरचा घसा लांब. म्हणून ५.५६ चे काडतूस २२३ च्या चेंबरमध्ये उडवू नये, अशी सूचना अमेरिकी उत्पादकांची प्रमाणन संस्था देते.

घशाचे माप कायम राहत नाही, हे आणखी एक त्रांगडे. प्रत्येक बारागणिक तप्त वायूंनी घसा थोडा थोडा झिजतो आणि आटे पुढे सरकत जातात. भरणारा गोळी थोडी बाहेर घेऊन त्यांचा पाठलाग करतो, पण मॅगझिनची भिंत जागची हलत नाही. पाठलाग तेथे संपतो.

भारतात मॅगझिन आणि काडतूस यांची सांगड नव्याने घालण्याचा मोठा प्रसंग १९६० च्या दशकात आला. १९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरच्या रायफल कारखान्याने जुन्या ली-एन्फिल्डच्या घडणीवर ७.६२ ची 'टू-ए' रायफल तयार केली. ३०३ चे काडतूस सुमारे ७८ मिलिमीटर लांब व बुडाशी कडा असलेले, ७.६२ चे सात मिलिमीटरने आखूड व बिनकडेचे. केवळ नळी बदलून भागणारे नव्हते. अधिक दाबासाठी पोलाद सुधारले गेले, पुंगळी ओढणारा भाग बदलला आणि मॅगझिन नवे, चौकोनी बुडाचे केले गेले.

महाराष्ट्रात ही मापे सांभाळणारे दोन जुने कारखाने आहेत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, तर भुसावळजवळील वरणगावचा १९६४ चा. १ ऑक्टोबर २०२१ पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत. नागरी वापरातील ३१५ चे काडतूस हेही इंग्रजी अमलाचेच अपत्य. लष्करी ३०३ सामान्यांच्या हाती पडू नये, म्हणून ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर काडतुसावर बेतलेले हे वेगळे माप रूढ झाले.

राज्यातील नामवंत नेमबाजांना मात्र मॅगझिनची अडचण भेडसावत नाही. २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत असो, अथवा २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळविणारा स्वप्नील कुसाळे; या प्रकारांत २२ बोअरचे काडतूस एकेक करून हातानेच भरले जाते. त्या काडतुसाचा प्रायमर बुडाच्या कडेतच भरलेला असल्याने ते घरी पुन्हा भरण्याची सोय व्यवहारात नाही. म्हणून नेमबाज वेगवेगळ्या लॉटची काडतुसे आपल्या नळीतून उडवून पाहतात आणि जो लॉट सर्वांत दाट गट देतो, त्याचाच साठा करतात.

परवाना असलेल्या रायफलधारकाने परदेशी पुस्तके वाचून हा प्रयोग घरी करण्याच्या फंदात पडू नये. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळ्याच्या निर्मितीला स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना त्यासाठी चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यास किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.