मोल्सवर्थ, सोलापूर आणि भाषाविज्ञानाच्या डिग्रीचा हिशोब

मागच्या भागानंतर सोलापुरातल्याच एका श्रोतीचा मेसेज आला. बी.ए. झालंय, पुण्याला जाऊन लिंग्विस्टिक्समध्ये, म्हणजे भाषाविज्ञानात, एम.ए. करायचंय. वडील यंत्रमागावर कामाला. त्यांचा एकच प्रश्न, ‘याचे पैसे मिळतात का गं?’

प्रश्न रास्त आहे. मी इतिहासाचा माणूस, त्यामुळे उत्तर मागे जाऊन शोधतो. फार लांब जावं लागत नाही, सुरुवात आपल्या गावातच सापडते.

साल १८१८. मे महिन्यात इंग्रजांनी सोलापूरचा किल्ला घेतला, पेशवाई बुडाली. त्याच सुमारास जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा कंपनीचा लष्करी अधिकारी सोलापुरात होता. वय तेवीसच्या आसपास. इथे असतानाच त्यानं मराठी शब्द गोळा करायला घेतले. हे नुसतं वेड नव्हतं, बरं का. कंपनीच्या फौजेत देशी भाषेची परीक्षा पास झालं की दुभाष्याचं पद मिळायचं आणि वर जादा भत्ता. भाषेला तेव्हाही रोख भाव होता.

कोशाला मात्र सरकारचा आधार लगेच मिळाला नाही, त्याला काही वर्षं गेली. पण सारावसुली, कोर्ट-कचेरी, सगळं मराठीतून चाललेलं. रयत काय म्हणते ते कळल्याशिवाय राज्य कसं चालवणार? शेवटी सरकारनं काम हाती घेतलं आणि १८३१ मध्ये मुंबईत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. १८५७ मध्ये वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. ती आज शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे, मोबाईलवर उघडून बघा.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. शब्द जमवायला, अर्थ पारखायला मराठी पंडित होते. पण आपण म्हणतो ‘मोल्सवर्थचा कोश’. भाषा ज्यांची, त्यांच्यापेक्षा ती पद्धतशीर मांडणाऱ्याचं नाव झालं.

दुसरा टप्पा पुण्यातला. १९५० च्या दशकात डेक्कन कॉलेजमध्ये भाषाविज्ञानाचे उन्हाळी वर्ग भरायचे. परदेशी प्राध्यापक यायचे, देशभरातली तरुण मंडळी शिकायची. पैसा अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनचा. त्या काळातलं मोठं मराठी नाव म्हणजे अशोक केळकर. आधी इंग्रजी साहित्यात एम.ए., मग १९५८ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून भाषाविज्ञानात पीएच.डी., पुढे १९६२ पासून डेक्कन कॉलेजात प्राध्यापक. २००२ मध्ये पद्मश्री, २०१० मध्ये ‘रुजुवात’ला साहित्य अकादमी पुरस्कार. पण अशा प्राध्यापकाच्या जागा देशात मोजक्याच, तेव्हाही आणि आताही.

म्हणजे मला दिसतं ते असं. भाषाविज्ञानाला पैसा मिळतो तो कुणाला तरी भाषेची गरज पडते तेव्हा. आधी गरज सरकारला होती, मग विद्यापीठांना, आता मोबाईलला. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये ‘भाषिणी’ सुरू केलं. भाषांतर, बोललेलं ऐकून टाईप करणं, हे सगळं भारतीय भाषांत आणायचंय. त्यासाठी आवाज गोळा करणारी, शब्दांना खुणा करणारी, चुका शोधणारी माणसं लागतात. पण ही कामं बऱ्याचदा कंत्राटी असतात, हेही ऐकून ठेवा.

आता आकडे. हे फक्त उदाहरण हं, आपापले आकडे घाला. समजा पुण्यात राहणं-खाणं-फी मिळून महिना १०,०००. दोन वर्षांचे २ लाख ४० हजार. याच काळात सोलापुरात महिना १२,००० ची नोकरी सोडली, ते २ लाख ८८ हजार. एकूण ५ लाख २८ हजार. डिग्रीनंतर पगार ५,००० नं जास्त मिळाला तर भरपाईला जवळजवळ नऊ वर्षं. १५,००० नं जास्त मिळाला तर तीन वर्षांच्या आत.

पाच हजार की पंधरा, हे नुसत्या डिग्रीवर ठरत नाही. सोबत थोडं प्रोग्रामिंग आलं तर पारडं बदलतं. नेट देऊन जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० आहेत, पण ती स्पर्धा अवघड.

आणि सोलापूरकरांकडे एक भांडवल आहे, जे कुणी मोजत नाही. पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, मोहल्ल्यात दखनी, शाळेत मराठी. आपली पोरं चार भाषांत भांडतात! पंडितांकडेही भाषा होती, पण कोशावर नाव त्यांचं नव्हतं. भाषाविज्ञान शिकलं तर नाव आणि पैसा दोन्हींवर आपला हक्क सांगता येतो.

म्हणून त्या वडिलांना माझं उत्तर: काका, पैसे मिळतात, पण आपोआप नाही. मोठं कर्ज काढू नका. सरकारी किंवा अनुदानित ठिकाणी प्रवेश, शिष्यवृत्तीचा अर्ज आणि पहिल्या सहामाहीपासून कॉम्प्युटरचं शिक्षण, एवढं जमत असेल तर पोरीला पाठवा.

तुमच्या घरात किती भाषा बोलतात, ते व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या भागात.