मराठी लेखनातील ‘चुका’ आणि त्यांचा इतिहास

उत्तरपत्रिकांत ‘परिक्षा’, ‘महत्व’, ‘शुध्द’, ‘आर्शीवाद’ अशी रूपे दिसली की अध्यापकवर्ग उद्विग्न होतो. हीच रूपे पाट्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांत आढळली की मराठीच्या अधोगतीचे निदानही तत्काळ केले जाते. मात्र ज्या नियमांच्या आधारे हे निदान होते, ते फार प्राचीन नाहीत. आणि या सर्व चुकांचे मूळही एक नाही.

पेशवाईच्या अखेरपर्यंत मराठीचा दैनंदिन व्यवहार मुख्यतः मोडी लिपीत चालत असे. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सामान्यतः पाळला जात नसे. दफ्तरातील कारकुनाच्या हातून त्या बाबतीत चूक संभवतच नव्हती. विल्यम कॅरे याने १८१० मध्ये श्रीरामपूर येथून प्रसिद्ध केलेला मराठी कोशही मोडी टंकांतच छापलेला होता. पुढे मुंबई इलाख्यात शालेय पुस्तके बालबोध लिपीत छापली जाऊ लागली आणि प्रत्येक वेलांटीविषयी निर्णय घेणे भाग पडले. मोल्सवर्थचा कोश (१८३१), दादोबा पांडुरंगांचे व्याकरण (१८३६) आणि मेजर कँडीच्या देखरेखीखालील पाठ्यपुस्तके यांतून लेखनाला जे वळण लागले, त्यावर शास्त्रीमंडळींच्या संस्कृत व्युत्पत्तीची छाप होती. ते स्वाभाविकही होते. कोशासाठी हाताशी असलेले विद्वान तेच होते.

या व्युत्पत्तिनिष्ठेचे सर्वांत ठळक चिन्ह म्हणजे अनुच्चारित अनुस्वार. ‘पञ्च’वरून आलेला ‘पांच’, ‘दन्त’वरून आलेला ‘दांत’, त्याचप्रमाणे ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरीं’, ‘त्यानें’ असे लिहिणे शिष्टसंमत होते. या पद्धतीवर दीर्घकाळ वाद झाला. लोकमान्य टिळकांनीही १९०४ मध्ये ‘केसरी’तून लेखनपद्धतीची चर्चा केली होती. अखेर मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि उच्चारात नसलेले हे अनुस्वार गेले. कोकणात कित्येक शब्दांचा अनुनासिक उच्चार टिकून होता, हा आक्षेप त्यापुढे निष्प्रभ ठरला. १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली. एका पिढीने छडी खाऊन शिकलेले लेखन अशा रीतीने पुढच्या पिढीसाठी अशुद्ध झाले.

तथापि ही सुधारणा अर्ध्यावर थांबली, असे म्हणणे प्राप्त आहे. अनुस्वाराबाबत उच्चार प्रमाण मानला गेला. ऱ्हस्व-दीर्घाबाबत मात्र व्युत्पत्तीचे राज्य बव्हंशी कायम राहिले. ‘मंदिर’ आणि ‘उंदीर’ यांच्या उपान्त्य अक्षरांच्या उच्चारात मराठी माणूस भेद करीत नाही. पहिला शब्द तत्सम म्हणून ऱ्हस्व, दुसरा तद्भव म्हणून दीर्घ. ‘गरीब’चे सामान्यरूप ‘गरिबाला’ होते, पण ‘शरीर’चे ‘शरीराला’च राहते. ‘कवी’, ‘गुरू’ हे शब्द सुटे लिहिताना मराठी उच्चारानुसार दीर्घान्त. तेच समासात ‘कविराज’, ‘गुरुदक्षिणा’ असे संस्कृताच्या आज्ञेत. ‘महत्त्व’मधील दुसरा तकारही कानाला कळत नाही, ‘महत्’ला ‘त्व’ लागतो हे ठाऊक असणाऱ्यालाच तो सुचतो.

म्हणजे शुद्ध लिहिण्यासाठी शब्दाचे कुळ ठाऊक असावे लागते. ज्या घरांत संस्कृतचा वारसा होता, तेथे हे ज्ञान अभ्यासाविना मिळाले. स्वातंत्र्योत्तर काळात प्रथमच महाविद्यालयात पोहोचलेल्या समाजघटकांतील विद्यार्थ्याला मात्र प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे पाठ करावा लागला. त्याचे गुण ज्या वेलांटीसाठी कापले जातात, ती त्याच्या कानाला कधीच ऐकू आलेली नसते. ही बाब निष्काळजीपणाच्या सदरात टाकणे अन्यायाचे आहे.

‘शुध्द’ची गोष्ट निराळी. पारंपरिक ‘द्ध’ या जोडाक्षरात धकार दकाराच्या पोटाशी लटकतो. ‘ध’ला काना काढून अर्धे रूप मिळते, ‘द’ला ते नाही, म्हणून डोळ्याने शिकलेला लेखक आडवी मांडणी करताना ‘ध’ अर्धा करून मोकळा होतो. ‘आर्शीवाद’मध्येही रफाराची जागाच तेवढी चुकते. येथे प्रश्न लिपीच्या सवयीचा आहे आणि तो वर्गात दहा मिनिटांत सुटू शकतो.

महामंडळाच्या नियमांत एक ऐतिहासिक सीमारेषाही आखलेली आहे : चिपळूणकरपूर्व गद्य आणि केशवसुतपूर्व पद्य मुळाबरहुकूम छापावे, त्यापुढील सर्व नव्या नियमांनुसार. त्यामुळे १८७४ मध्ये सुरू झालेली ‘निबंधमाला’ या नियमाने छापली, तर तीत ‘नांव’ हे रूप विद्यार्थ्याच्या दृष्टीस पडत नाही. ते त्याला घरातील जुन्या पत्रांत भेटते आणि आजोबांचे शुद्धलेखन कच्चे होते, असा त्याचा समज होतो.