एकल-पेशी आरएनए क्रमवाचन : नॉर्मलायझेशन व गोंगाटाची गाळणी

एकल-पेशी आरएनए क्रमवाचनात सुट्या पेशींमधील संदेशवाहक आरएनए मोजले जाते. या आकड्यांत मोजणीच्या प्रक्रियेमुळे शिरलेला फरक ओळखून बाजूला काढणे आणि पेशींची परस्परांशी तुलना शक्य करणे यासाठी वापरल्या जाणाऱ्या सांख्यिकीय पद्धतींचा या नोंदीत परिचय आहे. त्यांचे दोन भाग पडतात. वेगवेगळ्या पेशींतून कमीअधिक वाचले गेलेले आरएनए एका मापावर आणणे हे नॉर्मलायझेशन किंवा प्रसामान्यीकरण होय. उरलेल्या चढउतारात जीवशास्त्रीय भाग किती आणि निव्वळ योगायोगाचा किती, हे ठरवणे म्हणजे गोंगाटाची गाळणी. व्यवहारात दोन्ही कामे एकाच नावाखाली उरकली जातात; पण पहिले साधले म्हणजे दुसरे साधत नाही.

पार्श्वभूमी : शरीरातील बहुतेक पेशींत डीएनए सारखाच असतो. यकृताची पेशी आणि मज्जापेशी यांतील वेगळेपण कोणती जनुके किती कार्यरत आहेत यावरून ठरते, आणि त्याची खूण संदेशवाहक आरएनएच्या प्रमाणात सापडते. पूर्वी ऊतीचा तुकडा एकत्र वाटून लाखो पेशींची सरासरी काढली जाई. २००९ मध्ये फुचौ टांग, अझीम सुरानी व सहकाऱ्यांनी उंदराच्या भ्रूणातील एका पेशीतून सर्व संदेशवाहक आरएनएचे क्रमवाचन करून दाखवले. २०१५ मध्ये ‘ड्रॉप-सेक’ आणि ‘इनड्रॉप’ ही सूक्ष्मथेंबांची तंत्रे प्रसिद्ध झाली. त्यांत तेलातील पाण्याच्या एकेका थेंबात एक पेशी आणि बारकोड (पेशीची ओळख सांगणारी अक्षरपट्टी) लावलेला एक मणी पकडला जातो. आज एका प्रयोगात हजारो पेशी सहज मोजल्या जातात. त्यांतून तयार होणाऱ्या कोष्टकात ओळीला एक जनुक, स्तंभाला एक पेशी आणि चौकटीत रेणूंची संख्या असते.

गोंगाटाचे उगम : सस्तन प्राण्याच्या एका पेशीत साधारण १० ते ३० पिकोग्रॅम आरएनए असते, त्यातील संदेशवाहक आरएनएचा वाटा जेमतेम १ ते ५ टक्के. एवढ्या अल्प द्रव्यातील बरेचसे रेणू पकडलेच जात नाहीत. पकडलेल्या रेणूंच्या पुढे लक्षावधी प्रती काढाव्या लागतात आणि प्रत्येक रेणूच्या प्रती सारख्या निघत नाहीत. ही दुसरी अडचण रेणू-ओळखपट्टीने (यूएमआय) बरीच आटोक्यात आली. प्रती काढण्यापूर्वीच प्रत्येक रेणूला यादृच्छिक अक्षरांची छोटी पट्टी जोडतात. नंतर एकाच पट्टीच्या सगळ्या प्रती एकच मोजल्या जातात. पहिली अडचण मात्र कायम राहते. पकडलेच न गेलेले रेणू कोणत्याही गणिताने परत मिळत नाहीत.

मोजणीचे गणित : थेंबतंत्रातून मिळालेल्या कोष्टकात ९० टक्क्यांहून अधिक चौकटी शून्य असणे नेहमीचे आहे. सुरुवातीच्या काळात ही शून्ये तंत्राच्या विशेष दोषामुळे येतात असे मानून त्यांच्यासाठी वेगळी गणिती प्रतिमाने रचली गेली. पण तशी गरज नसते. धान्याच्या पोत्यातून एक मूठ काढली आणि तीत विरळ मिसळलेला एखादा दाणा आला नाही, तर तो दाणा पोत्यात नाही असे ठरत नाही. बहुतेक शून्यांचा अर्थ तसाच लावावा लागतो. अशा नमुन्यातील संख्या प्वासाँ वितरणाने वर्णिल्या जातात. पकडले जाणारे रेणू सरासरी १ असतील, तर शून्य येण्याची संभाव्यता सुमारे ३७ टक्के, सरासरी ०.१ असेल तर सुमारे ९० टक्के. म्हणजे शून्यांचा ढीग पाहून चकित होण्याचे कारण उरत नाही. २०२० मध्ये व्हॅलेंटाइन स्वेन्सन यांनी नियंत्रक द्रावणांच्या मोजणीवरून दाखवले की थेंबतंत्रातील शून्ये अशा मोजणीच्या नियमांनी अपेक्षित असतात तेवढीच असतात.

प्वासाँ वितरणात प्रचरण (विचलनांच्या वर्गांची सरासरी) माध्याइतकेच असते. प्रत्यक्ष आकड्यांत जनुकाचे प्रचरण माध्याहून अधिक आढळले, तर जादा भागाला दुसरे कारण शोधावे लागते : पेशींमधील खरा फरक, किंवा प्रयोगातील अनियमितता. हा जादा भाग सामावून घेण्यासाठी बहुधा ऋण द्विपद वितरण वापरतात.

पूर्वगाळणी : नॉर्मलायझेशनपूर्वी निकृष्ट नोंदी वगळल्या जातात. रिकाम्या थेंबांतही फुटलेल्या पेशींचे तरंगते आरएनए सापडते. रक्ताच्या नमुन्यात हिमोग्लोबिनचे आरएनए त्यामुळेच नको त्या पेशींत दिसते. रिकामे थेंब ओळखण्यासाठी ‘एम्प्टीड्रॉप्स’, तरंगत्या आरएनएचा वाटा वजा करण्यासाठी ‘सूपएक्स’ व ‘सेलबेंडर’, आणि एका थेंबात अडकलेल्या दोन पेशी ओळखण्यासाठी ‘स्क्रब्लेट’ अशी साधने प्रचलित आहेत. पेशीचे आवरण फाटल्यावर पेशीद्रवातील आरएनए गळून जाते, तंतुकणिकांतील (मायटोकॉण्ड्रियातील) मागे राहते. त्यामुळे तंतुकणिकी आरएनएचा वाटा जास्त असणाऱ्या पेशी मृतप्राय समजून काढतात. यासाठी ५ किंवा १० टक्क्यांची मर्यादा सरसकट लावणे चुकीचे ठरते. हृदयस्नायूच्या निरोगी पेशींत हा वाटा मुळातच मोठा असतो आणि अशा मर्यादेने अभ्यासाचा विषयच गाळला जातो.

मापाचे समायोजन : सर्वांत सोप्या पद्धतीत पेशीतील प्रत्येक संख्येला त्या पेशीच्या एकूण रेणूसंख्येने भागून १०,००० ने गुणतात. समजा, ‘अ’ पेशीत एकूण २०,००० रेणू मोजले गेले आणि त्यांत एका जनुकाचे २०. ‘ब’ पेशीत एकूण ५,००० आणि त्याच जनुकाचे ५. समायोजनानंतर दोन्हीकडे १० हाच आकडा येतो. पण २० ची प्रमाणित त्रुटी सुमारे ४.५, म्हणजे २२ टक्के. ५ ची सुमारे २.२, म्हणजे ४५ टक्के. आकडे सारखे झाले, विश्वासार्हता सारखी झाली नाही. समायोजित कोष्टकात विश्वासार्हतेची ही नोंद पुसली जाते आणि पुढचे विश्लेषण दोन्ही आकडे एकाच तोलाचे धरते.

भागाकारामागे आणखी एक गृहीत आहे : पेशींतील एकूण आरएनए सारखे असते. उद्दीपित टी-पेशीत ते विश्रांत पेशीपेक्षा पुष्कळ जास्त असते, आणि हा खरा फरक भागाकारात नाहीसा होतो. प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशीत मोजक्या जनुकांचे आरएनए एकूण संख्येचा मोठा हिस्सा व्यापते. तेथे इतर जनुके प्रत्यक्षात न घटताही घटलेली दिसतात. ठाऊक प्रमाणात बाहेरून मिसळलेले आरएनए संदर्भ म्हणून वापरणे हा यावरचा एक उपाय. ९२ कृत्रिम आरएनएंचा ‘ईआरसीसी’ संच त्यासाठीच आहे; मात्र थेंबतंत्रात तो फारसा वापरता येत नाही. २०१६ मध्ये आरोन लून, कार्स्टेन बाख व जॉन मॅरिओनी यांनी दुसरी वाट काढली. पेशींचे गट करून बेरजेवर समायोजनाचे गुणक काढायचे, मग समीकरणे सोडवून एकेका पेशीचा गुणक मिळवायचा. बेरजेत शून्ये कमी असल्याने अंदाज स्थिर राहतो.

लॉगरूपांतर : समायोजनानंतर प्रत्येक आकड्यात १ मिळवून त्याचा लॉगॅरिथम घेण्याची प्रथा आहे. मोठ्या संख्यांचा दबदबा त्यामुळे कमी होतो, पण लहान संख्यांत नवा दोष शिरतो. वरील ‘अ’ पेशीत एखाद्या जनुकाचा एकच रेणू सापडला तर समायोजित आकडा ०.५ आणि त्याचे लॉगमूल्य सुमारे ०.४१ येते; ‘ब’ पेशीतील एका रेणूचे तेच मूल्य सुमारे १.१०. शून्य मात्र दोन्हीकडे शून्यच राहते. परिणामी वाचनाची खोली (पेशीतून एकूण किती रेणू मोजले गेले), जी काढून टाकायची होती, तीच पेशींना गटांत विभागू लागते आणि पेशींच्या नकाशावर कृत्रिम ‘पेशीप्रकार’ उमटू शकतात.

प्रतिमानाधारित पद्धती : क्रिस्टोफ हाफमाइस्टर व राहुल सतिजा यांच्या ‘एससीट्रान्सफॉर्म’ पद्धतीत (२०१९) पेशीची एकूण संख्या आणि जनुकाची सरासरी यांवरून अपेक्षित मूल्य काढतात. निरीक्षण आणि अपेक्षा यांच्या वजाबाकीला अपेक्षित विचलनाने भागले की पिअर्सन अवशेष मिळतो. २०२१ मध्ये यान लाउझे, फिलिप बेरेन्स व दिमित्री कोबाक यांनी त्याचे सुटसुटीत सूत्र दिले. अपेक्षा १ असताना ४ रेणू आढळले तर या सूत्राने, ऋण द्विपद वितरणातील अतिप्रचरणाचा (माध्याहून जादा प्रचरणाचा) प्राचल १०० धरल्यास, अवशेष जवळजवळ ३ येतो. अपेक्षा १०० असताना १०३ आढळले तर केवळ ०.२. वजाबाकी दोन्हीकडे ३ च आहे, पण पहिली दखलपात्र आणि दुसरी योगायोगात जमा.

बाझेल येथील जेरेमी ब्रेडा, मिहाएला झावोलान व एरिक व्हान निमवेगेन यांची ‘सॅनिटी’ पद्धती (२०२१) बेझ सिद्धांतावर उभी आहे. प्रत्येक पेशीतील प्रत्येक जनुकासाठी ती क्रियाशीलतेचा अंदाज देते आणि त्या अंदाजाची त्रुटीही देते. जनुकाचा खरा चढउतार किती, हे आकड्यांवरूनच ठरवले जाते. पुरावा तोकडा असेल तिथे अंदाज सरासरीकडे खेचला जातो. वापरणाऱ्याने मर्जीने ठरवायचा कोणताही प्राचल तीत नाही.

प्रधान घटक आणि कोसंबी : वरील कोणत्याही पद्धतीनंतर बहुधा सर्वाधिक बदलती सुमारे २,००० जनुके निवडून प्रधान घटक विश्लेषण करतात. अनेक जनुकांत एकत्र दिसणारा चढउतार पहिल्या काही घटकांत गोळा होतो, एकेकटा योगायोग मागच्या घटकांत विखुरतो. ३० ते ५० घटक ठेवून बाकीचे सोडून दिले जातात. कार्ल पिअर्सन (१९०१) व हॅरल्ड हॉटेलिंग (१९३३) यांच्या नावे असलेल्या या पद्धतीचे सलग फलांसाठीचे रूप गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांनी १९४३ मध्ये, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना, ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’मधील निबंधात मांडले. कारी कारहुनेन व मिशेल लोएव्ह यांचे याच विषयावरील प्रसिद्ध काम त्यानंतरचे आहे. काही ग्रंथांत म्हणूनच या सिद्धांताला कोसंबी–कारहुनेन–लोएव्ह असे नाव दिले जाते. याच सुमारास कोसंबींनी आनुवंशिकीतील मानचित्र-फलही दिले. संकरात मोजलेल्या पुनर्संयोगाच्या प्रमाणावरून गुणसूत्रावरील जनुकांचे अंतर काढण्यासाठी पीकसंशोधक ते आजही वापरतात. मोजलेले प्रमाण जसेच्या तसे न स्वीकारता मोजणीत काय निसटते ते लक्षात घेऊन दुरुस्त करणे, हा त्यामागचा विचार प्रस्तुत विषयाला जवळचा आहे.

किती घटक ठेवायचे, हा निर्णय अनेकदा डोळ्याने आलेख पाहून होतो. त्याला कसोटी पुरवते ती यादृच्छिक सारणींची उपपत्ती. व्लादिमीर मार्चेंको व लिओनिद पास्तुर यांनी १९६७ मध्ये निव्वळ यादृच्छिक आकड्यांच्या सारणीची लक्षणमूल्ये (प्रत्येक घटकात किती चढउतार आहे ते सांगणारे आकडे) कोणत्या मर्यादेत राहतात ते सिद्ध केले. त्या मर्यादेबाहेर पडणारे घटकच संकेत मानायचे, असा या गाळणीचा नियम आहे.

रिक्त जागा भरणे व त्याचा धोका : ‘मॅजिक’ व ‘सेव्हर’ (दोन्ही २०१८) यांसारखी साधने शून्ये आणि लहान संख्या यांच्या जागी शेजारच्या सदृश पेशींवरून किंवा संबंधित जनुकांवरून काढलेले अंदाज ठेवतात. आलेख त्यामुळे ठसठशीत होतात. पण एकमेकांकडून उसनी घेतलेली मूल्ये स्वतंत्र राहत नाहीत. जनुकांमध्ये नसलेला सहसंबंध दिसू लागतो. टॅलुला अँड्र्यूज व मार्टिन हेम्बर्ग यांनी २०१८ मध्येच अशा खोट्या संकेतांकडे लक्ष वेधले. म्हणून भरलेले आकडे चित्रांपुरते वापरावेत आणि सार्थतेच्या चाचण्या मूळ संख्यांवर कराव्यात, अशी शिस्त पाळली जाते.

तुकडीपरिणाम : वेगळा दिवस, वेगळी प्रयोगशाळा किंवा रसायनांचा वेगळा संच यांमुळे येणारा फरक यादृच्छिक नसतो; तो साऱ्या तुकडीला एकाच दिशेने ढकलतो. एका गावातील सर्व रुग्णांचे नमुने एका तुकडीत आणि सर्व निरोगी व्यक्तींचे दुसऱ्या तुकडीत मोजले, तर रोगाचा परिणाम आणि तुकडीचा परिणाम पुढे वेगळे करता येत नाहीत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आशियाई रोगप्रतिकार विविधता नकाशात भारतासह पाच देशांतील ६०० हून अधिक व्यक्तींच्या रक्तातील १२ लाखांहून अधिक पेशी मोजल्या गेल्या. इतक्या विखुरलेल्या केंद्रांचे आकडे जुळवताना नमुन्यांची मांडणी आधीच ठरवणे सॉफ्टवेअरइतकेच महत्त्वाचे ठरते.

तौलनिक मूल्यमापन : कॉन्स्टँटिन आलमन-एल्ट्झे व वोल्फगांग हूबर यांनी २०२३ मध्ये अनेक रूपांतरपद्धती एकाच कसोटीवर घासून पाहिल्या. सदृश पेशी ओळखण्याच्या कामात साधे लॉगरूपांतर आणि त्यानंतर प्रधान घटक विश्लेषण हा जुना मार्ग नव्या गुंतागुंतीच्या पद्धतींच्या बरोबरीने किंवा सरस ठरला. याचा अर्थ लॉगरूपांतराचे दोष खोटे होते असा नाही. गटवारीसाठी शेकडो जनुकांचा पुरावा एकत्र येतो आणि एकेका जनुकातील चूक त्यात विरते. एकाच जनुकाविषयी विधान करायचे असेल तेव्हा तीच चूक निर्णायक होते. पद्धतीची निवड म्हणून प्रश्नावर अवलंबून राहते.

मर्यादा : पेशींची संख्या वाढवली की मोजणीतील यादृच्छिक गोंगाट सरासरीत घटतो, पण व्यक्तीव्यक्तींमधील फरक त्याने घटत नाही. तीन रुग्णांच्या ३०,००० पेशी म्हणजे ३०,००० स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. पेशींना स्वतंत्र मानणाऱ्या चाचण्या त्यामुळे नसलेले फरक मोठ्या संख्येने सार्थ ठरवतात, हे २०२१ मध्ये जॉर्डन स्क्वेअर व सहकाऱ्यांनी दाखवून दिले. प्रत्येक व्यक्तीच्या एका प्रकारच्या पेशींची बेरीज करून व्यक्तींची तुलना करणे हा रूढ उपाय आहे. अशा अभ्यासाचा निष्कर्ष वाचताना पेशी किती यापेक्षा व्यक्ती किती, नमुने कोणत्या तुकड्यांत मोजले आणि चाचणी मूळ संख्यांवर झाली की गाळलेल्या वा भरलेल्या आकड्यांवर, या तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात.