औंधच्या शाळेतली माणदेशी मुलं

मागे एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून गेलो होतो. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर मोठा फलक टांगलेला होता, 'आमचे नामवंत माजी विद्यार्थी'. त्यावर डॉक्टर, इंजिनिअर, तहसीलदार आणि परदेशी गेलेले दोघे-तिघे होते. प्रत्येक नावापुढे दहावीचे शेकडा गुण लिहिलेले. चहा पिता पिता माझ्या मनात आलं, असाच फलक औंधच्या जुन्या हायस्कुलात लावायचा झाला तर ग. दि. माडगूळकरांच्या नावापुढे काय लिहायचं? मॅट्रिक, गणितात नापास?

औंध आज सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात आहे. १९४८ साली विलीनीकरण होईपर्यंत ती एका संस्थानाची राजधानी होती. संस्थान म्हणजे तरी केवढं? बहात्तर गावं, आणि तीही विखुरलेली. एक तुकडा औंधचा, एक कुंडलचा, एक आमच्या माणदेशातला आटपाडीचा आणि एक पार विजापूरकडे, गुणदाळचा. मधे सगळा इंग्रजांचा मुलूख. आटपाडीपासून औंध चाळीस मैलांहून लांब. आटपाडीच्या पोराला पुढं शिकायचं तर इंग्रजांची हद्द ओलांडून आपल्याच राजाच्या गावी जावं लागे. भाकरी बांधून घ्यायची आणि निघायचं.

राजे भवानराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, हे अजब गृहस्थ होते. स्वतः चित्रं काढत, कीर्तन करत. त्यांनी काढलेलं चित्ररामायण १९१६ साली पुस्तकरूपानं निघालं. सूर्यनमस्काराचा त्यांना ध्यास, आणि संस्थानातल्या शाळांतून तो सक्तीचा. आमचे वडील आटपाडीच्या बाजूच्या एका खेड्यात चौथीपर्यंत शिकले. ते हसत सांगायचे, "घरी नमाज, शाळंत नमस्कार. गुडघं दोन्हीकडं सारखंच दुखायचं." १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्यानं या राजानं आपला अधिकार प्रजेच्या हाती दिला. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. तिथं भिंती नव्हत्या. कैद्यांनी शेती करायची आणि बायकापोरांसह राहायचं.

या संस्थानातल्या एका गरीब कारकुनाचा मुलगा म्हणजे गदिमा. जन्म १ ऑक्टोबर १९१९, शेटफळ्याचा, घराणं माडगुळ्याचं. आटपाडी, कुंडल आणि औंध अशी शाळा झाली. गणितानं मॅट्रिकला अडवलं आणि पोटासाठी कोल्हापूरची चित्रसृष्टी गाठावी लागली. काही काळ वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणून त्यांनी काम केलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं आणि वर्षभर, आठवड्याला एक याप्रमाणे, छप्पन्न गीतं घरोघर पोचली. पण मला त्यांची दुसरी एक गोष्ट जास्त औंधची वाटते. १९५७ साली शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' आला, त्याची कथा गदिमांची. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर. पडद्यावरचं ते माळरान आमच्या शेजारचं, स्वतंत्रपूरचं. शाळेनं नापास ठरवलेल्या या मुलानं संस्थानाकडून काय शिकून घेतलं, ते तिथं दिसतं.

त्यांचे धाकटे भाऊ व्यंकटेश यांचं तर शिक्षणच पुरं झालं नाही. लहान वयात ते मास्तर झाले, चळवळीत गेले, आणि १९५५ साली त्यांची 'बनगरवाडी' आली. तिच्यात धनगरवाडीची शाळा आहे, तालीम आहे, आणि मास्तरांना साथ करणारा आयबूही आहे. मराठी कादंबरीत आमच्या घरातल्यासारखा माणूस मला पहिल्यांदा तिथं भेटला, हे जाता जाता सांगतो.

आता तिसरा मुलगा. शंकरराव खरात, जन्म ११ जुलै १९२१, आटपाडीचाच. गदिमांहून दोन वर्षांनीही लहान नाही. गाव तेच, राजा तोच, औंधची वाटही तीच. पण हा महारवाड्यातल्या तराळाचा मुलगा. तराळानं गावाचा सांगावा पोचवायचा, सरकारी ओझं वाहायचं, बेवारस मढ्याची राखण करायची आणि त्याबदली भाकरी मागून आणायची. कारकुनाच्या मुलाची गरिबी आणि तराळाच्या मुलाची गरिबी एका मापानं मोजता येत नाही. एकाला पोटाची चिंता होती. दुसऱ्याला पोटाची होतीच, शिवाय पाणी कुठं प्यायचं याचीही होती. तरी हा मुलगा औंधला शिकला, पुण्यात बी. ए., एलएल. बी. झाला, बाबासाहेबांच्या चळवळीत उतरला, 'प्रबुद्ध भारत'चा संपादक झाला आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरूही.

१९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष गदिमा होते. १९८३ साली अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकर आणि लगेच १९८४ साली जळगावला शंकरराव खरात. पाऊस पडला तर पडला अशा एका कोपऱ्यातून अकरा वर्षांत तीन अध्यक्ष. पाणी नाही म्हणून आमच्याकडे अक्षरं पिकतात, असं कुणी कौतुकानं म्हणालं की मी गप्प बसतो. अक्षरं सगळ्यांच्या रानात पिकली नाहीत. माझ्या या यादीत एकही मुलगी नाही. मुलाण्याचा मुलगा तर नाहीच.

आमच्या वडिलांना चौथीनंतर मास्तर म्हणाले होते, "पोरगं हुशार आहे, औंधला धाडा." आजोबांनी विचारलं, "मग गावची बकरी कोण कापायची?" मुलाणकी हेही बलुतंच. तराळकीइतकी त्यात अवहेलना नव्हती, पण मान अडकलेली तशीच. आजोबा वाईट नव्हते. त्यांच्यापुढे दुसरा हिशेब नव्हता. वडिलांनी सुरी हातात घेतली ती साठीपर्यंत.

खरातांचं 'तराळ-अंतराळ' हे आत्मचरित्र १९८१ साली आलं. मी कॉलेजला गेल्यावर ते ग्रंथालयातून घरी आणलं. वडिलांना वाचायला यायचं, पण डोळ्यांनी दगा दिला होता. म्हणून रात्री जेवणं झाली की मी मोठ्यानं वाचायचो. ते भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायचे. मधे हुंकारही देत नसत. मला वाटायचं, झोपले.

औंधला जाण्याचा भाग आला तशी त्यांनी हात वर केला. म्हणाले, "थांब. जरा मागनं वाच, घरातनं निघतो तिथनं."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)