एकोणतीस अंकी मनुष्यसंख्या : पूर्वाचार्यांची गणितदृष्टी

७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६ ही एकोणतीस अंकी संख्या जैन ग्रंथांत मनुष्यजीवांच्या गणनेच्या संदर्भात येते. 'अनुयोगद्वारसूत्रा'त ती तिच्या गुणधर्मांनी सांगितली आहे : दोनच्या सहाव्या वर्गास पाचव्या वर्गाने गुणले असता येणारी, अथवा शहाण्णव वेळा निःशेष अर्धी करता येणारी राशी.

दोनचा वर्ग ४, त्याचा १६, त्याचा २५६ व त्याचा ६५५३६. या चौथ्या वर्गास 'पण्णट्ठी' म्हणतात. पाचवा वर्ग ४२९४९६७२९६ म्हणजे 'बादाल' आणि सहावा १८४४६७४४०७३७०९५५१६१६ म्हणजे 'एकट्ठी'. एकट्ठी हा बादालाचाच वर्ग असल्याने या दोहोंचा गुणाकार बादालाचा घन होतो. दहाव्या शतकातील आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांनी 'गोम्मटसारा'त पर्याप्त मनुष्यांची संख्या पाचव्या वर्गाचा घन अशीच दिली आहे.

एखादी राशी किती वेळा अर्धी होते, त्या गणनेस 'अर्धच्छेद' ही संज्ञा आहे. नवव्या शतकातील आचार्य वीरसेन यांच्या 'धवला' टीकेत तिचे नियम आढळतात. गुणाकाराचे अर्धच्छेद हे दोन्ही राशींच्या अर्धच्छेदांच्या बेरजेइतके असतात. म्हणून ६४ आणि ३२ मिळून ९६. मूडबिद्री येथे ताडपत्रांवर शतकानुशतके जतन झालेल्या या ग्रंथाचा पहिला मुद्रित खंड डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला.

आगमातील वर्गीकरणही या संख्येस लावता येते. 'भगवतीसूत्रा'त चारने भागून उरणाऱ्या शेषावरून राशींचे चार प्रकार केले आहेत. येथे शेष काहीच उरत नाही, म्हणून ही राशी 'कृतयुग्म' होय. संख्यात, असंख्यात व अनंत या भेदांत मात्र, एवढी प्रचंड असूनही, ती 'मध्यम संख्यात' एवढीच ठरते. असंख्यात तिच्यापासून फार दूर आहे.

'गोम्मटसारा'त या संख्येचे अंक एकोणतीस अक्षरांत गुंफलेले आहेत. पहिले अक्षर 'त' म्हणजे ६. वाचन एकम स्थानापासून सुरू होते. हस्तलिखितांच्या काळात लेखनिकाच्या हातून एखादे अक्षर चुकण्याचे भय नित्य असे. परंतु या राशीतील एकच अंक बदलला, तरी अर्धे करीत जाता शहाण्णवच्या पुष्कळ आधी विषम संख्या समोर येते व चूक उघड होते. वर्गांचा गुणाकार, घन, अर्धच्छेद आणि अक्षरे या चार वाटांनी आजही तीच संख्या हाती लागते.

श्रुताचे रक्षण केवळ भांडारांच्या कुलपांनी झाले नाही. जे लिहिले ते पुन्हा पडताळून पाहता यावे, अशी सोय पूर्वाचार्यांच्या लेखनातच होती.